साध्या लंबकाचं १०.८ आणि आपलं डोकं

खुंटी (धागाकर्ता), शनिवार रात्री ९:१०

पुण्यातल्या एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये मी एकतीस वर्षं सहायक होतो. (कॉलेजचं नाव नको. माझे पेन्शनचे कागद अजून तिथल्याच एका कपाटात आहेत.) सहायक म्हणजे सकाळी टेबलं लावायची, व्हर्नियर कॅलिपर मोजून द्यायचे, संध्याकाळी मोजून परत घ्यायचे आणि मधल्या वेळात गप्प उभं राहायचं. गप्प उभं राहणाऱ्याला बरंच दिसतं.

अकरावीचं पहिलं प्रॅक्टिकल साध्या लंबकाचं. दोरा, पितळी गोळा, स्टॉपवॉच. वीस झोक्यांना किती वेळ लागला ते मोजायचं आणि त्यावरून गुरुत्वीय त्वरण (पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो तो आकडा) काढायचं. पुण्यात ते ९.७८ च्या आसपास येतं, पुस्तकात ९.८ छापलेलं असतं. आमच्याकडच्या स्टॉपवॉचचं बटण कधी एका दाबात लागायचं, कधी दोन. तरी वीस पोरांच्या बॅचमध्ये एकूणएक उत्तर ९.७९ ते ९.८१ मध्ये!

सगळी पोरं लबाड होती असं मात्र मी म्हणणार नाही. काही उत्तर आधी लिहून मागून रीडिंग पाडायची, ती सोडा. मला गंमत वाटायची ती सरळ पोरांची. रीडिंग जमलं नाही की "काका, चुकलं वाटतं" म्हणून परत घ्यायची. ९.८ च्या जवळ आलं की परत घ्यायची नाहीत. आपण काही गैर करतोय हे त्यांच्या गावीही नसायचं.

एका वर्षी एका मुलीचं १०.८ आलं. परत घेतलं, परत १०.८. शेजारणीनं सल्ला दिला, लिही ९.८ आणि चल कँटीनला. तिनं जर्नलमध्ये १०.८ लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या तासाला परत आली. तिसऱ्या दिवशीही आली. तिचं कुठं चुकत होतं ते मी आत्ता सांगत नाही, तुम्ही शोधा.

रिटायर झाल्यावर या विषयावर बरंच वाचलं आणि माझं एक मत बनलंय. माणसाचं डोकं विज्ञानासाठी घडलेलंच नाही. ते घडलंय कारण शोधायला. झुडूप हललं की का हललं, पोट दुखलं की काय खाल्लं होतं. एकदा कारण सापडलं की ते तिथं बसकण मारतं, सापडलेलं कारण खरं आहे की नाही हे बघायला पुन्हा उठत नाही. उठवायला दुसरं डोकं लागतं. मग या असल्या डोक्यातून विज्ञान निघालं कसं? धागा त्यासाठी.

आधी एक खेळ. माझ्या मनात तीन आकड्यांचा एक नियम आहे. २-४-६ त्यात बसतो. तुम्ही तीन-तीन आकडे टाका, मी "बसतं" किंवा "नाही बसत" एवढंच सांगेन. खात्री झाली की नियम सांगा. ज्यांना खेळ माहीत आहे त्यांनी कृपया गप्प बसावं. (पुण्यात ही विनंती वाया जाते, कल्पना आहे.)

पेठी_चिकू

८-१०-१२

खुंटी

बसतं.

पेठी_चिकू

२०-२२-२४. १००-१०२-१०४.

खुंटी

दोन्ही बसतात.

पेठी_चिकू

दोन-दोननं वाढणाऱ्या सम संख्या. झालं, पुढचा धागा काढा.

खुंटी

नाही.

पेठी_चिकू

नाही म्हणजे? चारही बसले ना!

सोलकढी

१-३-५?

खुंटी

बसतं.

पेठी_चिकू

मग दोन-दोननं वाढणाऱ्या कुठल्याही. सम-विषमचं माझं चुकलं.

खुंटी

हेही नाही.

तिसरी_घंटा

खेळ चालू द्या, पण मूळ मत मला पटलेलं नाही. "डोकं विज्ञानासाठी घडलेलंच नाही" हे फार झालं. लहान मूल चमचा खाली टाकतं, आपण उचलून देतो, परत टाकतं. आपण वैतागतो, पण ते प्रयोगच करत असतं. बालमानसशास्त्रज्ञ अॅलिसन गॉपनिक यांनी तीन-चार वर्षांच्या मुलांबरोबर केलेलं काम वाचा. एक पेटी, तिच्यावर काही ठोकळे ठेवले की दिवा लागतो आणि गाणं वाजतं, काही ठेवले की नाही. दोन ठोकळे एकत्र ठेवून दिवा लागला, पण त्यातला एक एकटा ठेवल्यावर लागला नाही, तर दिवा कुणामुळे लागला हे एवढीशी पोरं बरोबर सांगतात. बालवाडीत कुणी शिकवलेलं नसतं. म्हणजे यंत्र आतच आहे. शाळा ते गंजवते.

खडू_फळा

@तिसरी_घंटा, शाळेवर ढकलून मोकळं होणं सोपं आहे हो. मी चौथीला शिकवते, म्हणून एक किस्सा. "पृथ्वी गोल आहे" हे माझ्या वर्गात एकूणएक मुलाला पाठ. एकदा म्हटलं, चित्र काढा आणि त्यात आपण कुठं राहतो ते दाखवा. एका मुलानं सुंदर गोल काढला. आत निम्म्यापर्यंत जमीन, जमिनीवर माणसं, घरं, आणि वरचा अर्धा गोल म्हणजे आकाश, झाकणासारखं. "बाहेर राहिलो तर पडू की बाई!" असं म्हणाला. त्याच्या बाजूनं बघा. पृथ्वी गोल आहे असं बाई म्हणतात, पायाखाली सपाट आहे असं डोळे म्हणतात, आणि आधार नसलेली वस्तू पडते हे तर तो पाळण्यात असल्यापासून जाणतो. तिन्ही सांभाळून त्यानं एक मांडणी केली. व्होस्निआडू आणि ब्रूअर या दोघांनी अमेरिकेतल्या मुलांची अशीच चित्रं गोळा केली होती, त्यांचा लेख १९९२ चा. पोकळ गोल, चपटा गोल, दोन पृथ्व्या (एक आपल्या पायाखालची आणि एक आकाशात असलेली), सगळं आहे त्यात. आमच्या वर्गातलं झाकण तिथंही आहे.

तेव्हा यंत्र आत आहे हे मान्य. पण यंत्रात जे आधीपासून भरलेलं आहे ते नव्याला सहज जागा देत नाही. आणि जुनं पुसलंही जात नाही. २०१२ साली शटलमन आणि व्हालकार्सेल यांनी कॉलेजच्या दीडशे मुलांना विधानं देऊन फक्त खरं की खोटं एवढंच विचारलं. जिथं विज्ञान आणि बालपणीची समजूत एकाच बाजूला होती तिथं उत्तर पटकन आलं. जिथं दोन्ही भांडत होते तिथं उत्तर बरोबर आलं तरी वेळ जास्त लागला. बायॉलॉजीच्या प्राध्यापकांनाही घाईत विचारलं तर "झाड सजीव आहे" म्हणायला "मांजर सजीव आहे" पेक्षा क्षणभर जास्त लागतो. चौथीतलं पोर प्राध्यापक होतं, पण आतून जात नाही.

पेठी_चिकू

५-७-९ टाकत होतो, पण त्यानं काय कळणार? थांबा, विचार करतो.

दहाचा_पाना

मी वाचतो फक्त, लिहीत नाही. आज लिहितो. धायरीला टू-व्हीलरचं गॅरेज आहे माझं, शिक्षण बारावी नापास.

६-४-२ सांगा.

खुंटी

नाही बसत. (शाबास. इतक्या वेळात पहिलं "नाही" मागून घेणारे तुम्हीच.)

दहाचा_पाना

२-३-९०

खुंटी

बसतं.

दहाचा_पाना

मग चढते आकडे, एवढंच. कितीनं चढले ते सोडा.

खुंटी

बरोबर.

पेठी_चिकू

एवढंच?? ही फसवणूक आहे.

खुंटी

फसवणूक तुमची तुम्हीच केलीत, मी फक्त २-४-६ म्हणालो. पीटर वेसन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६० मध्ये लंडनमध्ये हा खेळ २९ विद्यार्थ्यांना दिला होता. एकही चुकीचा नियम न सांगता सहाच जण बरोबर पोचले. बाकीच्यांनी काय केलं ते वर चिकूंनी दाखवलंच आहे. मनात एक नियम धरला, त्याला "हो" म्हणणारेच आकडे विचारले, तीन वेळा हो आलं की विजय. ९.८ आल्यावर परत रीडिंग न घेणारी माझी पोरं यांचीच भावंडं.

पण पाना, मला सांगा, तुम्ही ६-४-२ का टाकलंत?

दहाचा_पाना

सवय. गाडी चालू होत नाही म्हणून गिऱ्हाईक येतं आणि येतानाच सांगतं, "कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय." आलाही असेल. पण मी कार्बोरेटर खोलला, साफ केला, बसवला आणि त्याच वेळी प्लगपण बदलला, तर गाडी चालू झाल्यावर कशानं झाली हे मला कधीच कळणार नाही. पुढच्या आठवड्यात तीच गाडी ढकलत परत येणार. म्हणून उस्ताद शिकवायचे की एका वेळी एकच हात लाव. आधी प्लग काढायचा, केबलला लावून हेडला टेकवायचा, किक मारायची. ठिणगी निळी कडक आली तर करंटचा विषय संपला, तिकडं परत बघायचं नाही. मग पेट्रोल.

म्हणजे काय बिघडलंय हे शोधत बसायचं नाही. काय बिघडलेलं नाही ते एकेक करून काढून टाकायचं. हो-हो मिळालं की काहीच निघून जात नाही. नाही मिळालं की एक गोष्ट निघून जाते.

त्या मुलीचं विचारतो. वीस झोक्यांच्या जागी चाळीस मोजले होते का तिनं? किती आलं?

खुंटी

इतकी वर्षं लॅबमध्ये हा प्रश्न मला एकाही सरांनी विचारला नाही. हो, दुसऱ्या दिवशी तिनं नेमकं तेच केलं. चाळीस झोके मोजून १०.३ आलं.

तिसरी_घंटा

पानांना दंडवत. मी माझं वाक्य दुरुस्त करतो, शाळा गंजवते आणि गॅरेज घासतं.

पेठी_चिकू

मुलीनं गोळा फार लांब ओढून सोडला असणार. कोन मोठा.

खुंटी

कोन मोठा झाला की झोक्याला वेळ जास्त लागतो आणि उत्तर कमी येतं. इथं वाढलंय. उलटी दिशा.

अवग्रह

दोऱ्याची लांबी मोजताना गोळ्याची त्रिज्या धरायची राहिली?

खुंटी

तरीही उत्तर कमीच येईल. चुकून दुप्पट धरली असती तर वाढलं असतं, पण टक्का-दोन टक्के. इथं दहा टक्क्यांचा घोटाळा आहे.

सोलकढी

स्टॉपवॉच हळू चालत असेल तर?

खुंटी

दिशा बरोबर! तिलाही हेच वाटलं होतं. आणि इथं मजा बघा. तेच स्टॉपवॉच तिच्या आधीच्या बॅचनं वापरलेलं. त्यांचं ९.८ खरं असतं तर स्टॉपवॉच निर्दोष, हे एका मिनिटात ठरलं असतं. पण त्यांची रीडिंग पुस्तकातून आलेली, त्यामुळे ती कशाचाच पुरावा नव्हती. तिला स्वतःचं मनगटी घड्याळ शेजारी धरून पाच मिनिटं ताडून बघावं लागलं. स्टॉपवॉच ठीक निघालं. वीस पोरांनी एकेक छोटी लबाडी केली, भुर्दंड एकविसावीला.

सोलकढी

माझं दह्याचं सांगते. डिसेंबरात आमच्याकडे विरजण लागेना. सकाळी बघावं तर दूधच, वर थोडं चिकट. मी म्हटलं थंडी, सासूबाई म्हणाल्या विरजणच जुनं झालंय, नवरा म्हणाला पिशवीच्या दुधात हल्ली काही राम नाही. तिघांनाही शंभर टक्के खात्री. मी एकाच पातेल्यातलं कोमट दूध दोन वाट्यांत घेतलं, एकच विरजण लावलं, एक वाटी ओट्यावर आणि एक जुन्या शालीत गुंडाळून कपाटात. सकाळी शालीतलं कवडीसारखं लागलं होतं, ओट्यावरचं पाणी. जिंकले!

सासूबाईंनी दोन्ही वाट्या बघितल्या आणि शांतपणे विचारलं, "शालीतल्या वाटीत विरजण कोणत्या चमच्यानं घातलंस?" आठवलं, एकीत पोह्याच्या चमच्यानं, दुसरीत चहाच्या. राग आला हो. पण दुसऱ्या रात्री एकाच चमच्यानं परत लावलं. परत शालीतलंच लागलं. तेव्हा कुठं त्या "असेल बाई थंडी" म्हणाल्या. नवऱ्यानं दुधाचं मत अजून बदललेलं नाही.

अवग्रह

सोलकढीताई, तुमच्या सासूबाईंनी जे केलं त्याला न्यायशास्त्रात (कोर्टाचं नव्हे, तर्काचं जुनं भारतीय शास्त्र) नाव आहे. त्यांनी उपाधी काढली.

थोडं विस्तारानं लिहितो. "डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथं अग्नी आहे" हे अनुमानाचं घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं. पण नैयायिकांची खरी करामत पुढं आहे. कुणी उलटं म्हणालं की "जिथं जिथं अग्नी तिथं तिथं धूर", तर? हजार चुलींवर हे खरं दिसेल. ते म्हणतात, तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा बघ. अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत धूर का होता? कारण इंधन ओलं होतं. "ओल्या इंधनाशी संयोग" ही उपाधी. म्हणजे तुम्ही ज्याला कारण समजत होतात त्याच्याबरोबर चोरपावलांनी आलेली दुसरीच गोष्ट. वादात समोरच्याचं अनुमान पाडायचं असेल तर उपाधी दाखवायची. पोह्याचा चमचा म्हणजे ओलं लाकूड.

महत्त्वाचं हे की हे सगळं वादासाठी रचलेलं शास्त्र आहे. एकट्यानं गुहेत बसून सत्य शोधणाऱ्यासाठी नाही. समोर प्रतिवादी आहे आणि तो सोडणार नाही, हे गृहीत धरूनच ग्रंथ लिहिलेत. धागाकर्त्यांच्या "दुसरं डोकं लागतं" या मताला माझं अनुमोदन आहे, पण त्याचं पेटंट त्यांना देता येणार नाही.

खुंटी

पेटंट तुमच्याकडेच ठेवा. सासूबाईंना माझा नमस्कार.

शुक्र_मंगळ

सगळं वाचलं. तुम्ही लोक स्वतःच्याच मतावर खूश आहात. माझ्या आत्याच्या पत्रिकेत पन्नाशीनंतर परदेशगमन लिहिलं होतं, गेली. हे कुठल्या चमच्यात बसवता?

तिसरी_घंटा

पुण्यात बसून हा प्रश्न विचारताय म्हणून पुण्याचंच उत्तर देतो. २००८ साली जयंत नारळीकरांनी हे करून बघितलं होतं, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मदतीनं. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा घेतल्या, कुंडल्या तयार केल्या, नावं काढून मिसळून टाकल्या. ५१ ज्योतिषी तयार झाले. प्रत्येकाला चाळीस कुंडल्या, फक्त एवढंच सांगायचं की मूल या गटातलं की त्या. उत्तरं २७ जणांची आली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर पन्नास.

शुक्र_मंगळ

एका ज्योतिषाचे चाळीसपैकी २४ बरोबर होते हे सोयीनं गाळलंत.

तिसरी_घंटा

गाळलं नाही, तुम्ही आणाल म्हणून ठेवलं होतं. तुमच्या घरचे २७ जण बसवा, प्रत्येकानं चाळीस वेळा नाणं उडवा. सरासरी वीस छापे. पण २७ जणांत एक तरी २४ च्या वर किंवा २४ वर गेला नाही तरच नवल. त्या एकाला मग आपण "सिद्धहस्त" म्हणणार. हेच आत्याचं. ज्यांच्या पत्रिकेत परदेश होतं आणि जे पौड रोडच्या पुढं गेले नाहीत, त्या आत्यांचे धागे कुणी काढत नाही.

डार्विननं आत्मचरित्रात स्वतःची एक शिस्त सांगितली आहे. आपल्या निष्कर्षाच्या विरुद्ध जाणारी एखादी गोष्ट वाचली किंवा सुचली की ती तिथल्या तिथं टिपून ठेवायची. कारण अनुभवानं त्याला कळलं होतं की सोयीच्या गोष्टींपेक्षा असल्या गोष्टी फार लवकर विसरल्या जातात. डार्विनच्या डोक्याला चिठ्ठी लागत होती, आपण कोण!

शुक्र_मंगळ

बरं. नाणी उडवून बघतो. आत्याचं मत बदलणार नाही.

खडू_फळा

"दुसरं डोकं" या मुद्द्यावर भर घालते. वेसनचाच दुसरा खेळ आहे, चार पत्त्यांचा. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. समोर दिसतात अ, क, ४, ७. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर मागे सम आकडा असतो. नियम मोडलाय का हे बघायला कोणते पत्ते उलटाल? बहुतेक जण अ आणि ४ म्हणतात. बरोबर उत्तर अ आणि ७. चारच्या मागं काहीही निघालं तरी नियम मोडत नाही, सातच्या मागं स्वर निघाला तर मोडतो. दहातला एखादाच बरोबर येतो.

आता हेच पुण्यात आणते. नियम: दुचाकीवर असेल तर डोक्यावर हेल्मेट. चौघांची अर्धीच माहिती आहे. एक दुचाकीवर आहे, दुसरा कारमध्ये, तिसऱ्यानं हेल्मेट घातलंय, चौथ्याच्या डोक्यावर काही नाही. कुणाला हटकाल? आमच्या वर्गातली पोरं एका सुरात म्हणाली, पहिला आणि चौथा! हेल्मेट घातलेल्याला कुठला मामा अडवतो? कोडं अगदी तेच. फक्त आता त्यात कुणीतरी चुकवेगिरी करत असण्याची शक्यता आली. दुसऱ्याची लबाडी पकडायला आपलं डोकं तरबेज आहे, स्वतःच्या नियमाची लबाडी पकडायला नाही.

आणि मॉशमन-गाइल यांचा १९९८ चा प्रयोग: अक्षर-आकड्यांचं मूळचं अवघड कोडं, पण पाच-सहा जणांच्या गटाला एकत्र बसवून दिलं. एकेकटे सोडवणाऱ्यांत नऊ टक्के बरोबर, गटांपैकी पंच्याहत्तर टक्के. बाहेरून कुणी काही सांगितलं नव्हतं. नुसते भांडले.

पेठी_चिकू

म्हणजे पुणेकर जन्मजात वैज्ञानिक. समोरचा बोलायच्या आधी आमचं "नाही" तयार असतं.

खुंटी

आधीच तयार असलेलं "नाही" उपयोगाचं नसतं चिकू. सासूबाईंनी आधी दोन्ही वाट्या बघितल्या होत्या.

तिसरी_घंटा

ठीक आहे, मग माझा राहिलेला प्रश्न. कारण शोधणारं डोकं आहे, भांडायला माणसं आहेत, हे तर हजारो वर्षं आहे. आफ्रिकेतल्या कलाहारी वाळवंटातले सान शिकारी मातीतल्या खुणांवरून जनावर कोणतं, जखमी आहे का, किती वेळापूर्वी गेलं, हे मांडतात, आपसांत वाद घालतात, पुढची खूण चुकली तर मत बदलतात. लुई लिबेनबर्ग यांनी त्यांच्याबरोबर हिंडून लिहिलंय की विज्ञानाचं मूळ या माग काढण्यातच आहे. मग ग्रहांच्या कक्षांचे नियम मांडणारा केप्लर १६०९ मध्येच का? इतका उशीर?

खुंटी

माझं उत्तर: कागद. आपल्या डोक्यात एका वेळी चार-पाच गोष्टी राहतात, सहावी आली की पहिली गळते. मागावरच्या शिकाऱ्याला तेवढ्यात भागतं, जमीनच त्याची वही असते. मंगळाला वीस वर्षं बघायचं तर वही लागते. टायको ब्राहे या खगोलनिरीक्षकानं ती लिहिली आणि केप्लरच्या हातात पडली. केप्लरनं मंगळाची वर्तुळाकार कक्षा बसवली, जवळजवळ जमली. फरक राहिला आठ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या साधारण पाव. माझ्या लॅबमधल्या पोरांनी आठ कला केव्हाच गिळल्या असत्या. केप्लरला माहीत होतं की टायको एवढी चूक करणारा माणूस नव्हे. दुसऱ्याच्या रीडिंगवर इतका विश्वास की स्वतःचं वर्तुळ मोडलं. त्यातून लंबवर्तुळ आलं.

एकविसाव्या मुलीला असा टायको मिळाला नाही एवढंच.

अवग्रह

कागदाबरोबर शाळाही धरा. १९३१-३२ च्या सुमाराला लुरिया हा रशियन मानसशास्त्रज्ञ उझबेकिस्तानात निरक्षर शेतकऱ्यांना विचारत होता: उत्तरेला जिथं बर्फ असतो तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. नोवाया झेमल्या उत्तरेला आहे, तिथं नेहमी बर्फ असतो. तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? उत्तर यायचं की मी काळं अस्वल बघितलंय, दुसरं नाही, न पाहिलेल्याबद्दल मी बोलत नाही. माणूस बुद्धीनं कमी नव्हता, उलट फार जबाबदार होता. "घटकाभर हे खरं धरू आणि पुढं काय निघतं बघू" हा खेळ त्याला कुणी शिकवलेला नव्हता. जे पाहिलं नाही ते खरं धरून चालायचं आणि तरी त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे विज्ञानातलं सगळ्यात अवघड आसन आहे असं मला वाटतं.

कोथरूडकर_बाबा

रविवार सत्कारणी लागला. सकाळपासून धागा वाचतोय, मुलगी (सहावी) मागून वाचत होती. पडद्याच्या दांडीला सुतळी बांधली, खाली मोठा नट, बरोबर एक मीटर. मी मोजले, तिनं वेळ धरली. दहा झोके, १८ सेकंद. खुंटीकाकांच्या रीतीनं गणित केलं तर १२.२ येतंय. आमच्या सोसायटीखाली काही जड पुरलेलं आहे का?

दहाचा_पाना

थांबा, हे घ्या: दहा झोक्यांना १२.२. वीस झोक्यांना १०.८. चाळीसला १०.३. झोके वाढतात तशी चूक कमी होते. प्रत्येक झोक्यात चूक असती तर कमी झाली नसती. म्हणजे चूक एकदाच होते, सुरुवातीला नाहीतर शेवटी, आणि झोके जास्त असले की सगळ्यांत वाटली जाते. घड्याळ नाही, दोरी नाही. हाताची नाहीतर तोंडाची चूक आहे.

कोथरूडकर_बाबा

पाना, तुमचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला. पोरगी अर्धा मिनिट गप्प बसली आणि म्हणाली, "बाबा, परत मोज बरं." मी नट सोडला. "बघ, सोडतानाच 'एक' म्हणालास. तेव्हा झोका कुठं झाला होता?"

दहा म्हणेपर्यंत नऊच झालेले.

खुंटी

सापडलं! मुलीला माझ्याकडून पेढा. वीस म्हणजे एकोणीस, चाळीस म्हणजे एकोणचाळीस. तेवढ्यानं १०.८ आणि १०.३.

कबुली देतो, तीन दिवस मी तिथंच उभा होतो आणि मलाही कळलं नाही, कारण मीही तसाच मोजायचो. शेजारच्या टेबलावरचा एक पोरगा शेवटी वैतागला. तिच्या मोठ्यानं मोजण्यानं त्याचं मोजणं चुकत होतं. "ए, शून्यापासून मोज ना!" म्हणाला. तिनं मोजलं, ९.७ आलं. तो स्वतः ९.८ लिहून कँटीनला गेला.

कोथरूडकर_बाबा

शून्यापासून मोजून आमचं ९.६ आलंय. साडेदहा वाजून गेलेत, उद्या शाळा आहे. मी म्हटलं लिही ९.८ आणि झोप. ऐकत नाहीये. पडद्याची दांडी हलते म्हणते, स्टूल घेऊन वर चढली आहे.